बाजूची सीट

सोमवार, ३ मार्च

दुकानाची व्हॅन माझ्या हातातून गेली. सकाळी भाऊजी किल्ली घेऊन गेले आणि जाताना मला रडवायला दोनदा हॉर्न वाजवला. मी काही रडले नाही. भाऊजी म्हणजे यांचे धाकटे भाऊ, आमच्या सीट-कव्हरच्या दुकानातले माझे भागीदार. उचलली जीभ लावली टाळ्याला असा स्वभाव, पण हात सोन्याचा. आजपासून वाटणी अशी की लोकांच्या गाड्यांच्या सीट आणायच्या-पोचवायच्या त्यांनी आणि शिवायच्या मी.

तर आता मला गाडी घ्यायची आहे. सामानासाठी नाही, माझ्यासाठी. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, पहिल्यांदाच. आणि मला वेगात पळणारी गाडी हवी आहे. हे इथे लिहून टाकते, कारण तोंडाने सांगितलं की लोक आधी माझ्या केसांकडे बघतात.

दोन गाड्या मनात आहेत. एक जुनी स्पोर्ट्स कार, दोनच सीटची, गडद हिरवी. आमच्या दंतवैद्यांची आहे, ते विकतायत. दुसरी शोरूममधली नवीकोरी हॅचबॅक. बाहेरून बघाल तर भाजी आणायला निघालेली गाडी, आणि पोटात राक्षस. दोन्हींची किंमत जवळपास सारखी, म्हणजे पैशाकडे बोट दाखवून मोकळं होता येत नाही. मनालाच ठरवायला लागणार.

यांना विचारलं. "तुला आवडेल ती," म्हणाले आणि परत नकाशात डोकं घातलं. निवृत्त झाले तरी भूगोलाचे मास्तर ते भूगोलाचेच मास्तर.

गुरुवार, ६ मार्च

दंतवैद्यांकडे जाऊन हिरवी पाहिली.

सीट वाचायची मला सवय आहे. माणूस खोटं बोलेल, सीट बोलत नाही. चालकाच्या सीटची बाहेरची कड घासलेली, म्हणजे डॉक्टर घाईघाईत उतरणारे. पाठीच्या मधोमध चामडं चकचकीत, म्हणजे ताठ बसणारे. बाजूची सीट मात्र अगदी कोरी. एक सुरकुती नाही. कारखान्यात ज्या बाईने किंवा बाप्याने ती शिवली, त्याचा टाका न् टाका जागेवर. मी त्या शिवणीवरून बोट फिरवत राहिले. असं काम करायला मला दहा वर्षं लागली होती आणि तरी कोपऱ्यात माझा हात अजून जरा अडखळतो.

"डॉक्टर, इथे कुणी बसलंच नाही का कधी?"

"छत्री बसायची," ते म्हणाले. मग जरा लाजून, "आता लग्न करतोय. तिला दोन मुलं आहेत. चौघं यात कशी मावणार? म्हणून विकतोय."

मी अभिनंदन केलं आणि पुन्हा सीटखाली डोकं घातलं. या सीटला आपण कधी सुई लावायची नाही, हे मी तिथेच ठरवून टाकलं. अजून घेतलीही नव्हती तरी.

घरी आल्यावर यांनी विचारलं, "इंजिन कसं आहे?"

"इंजिन?" मी म्हटलं.

बघायचं राहूनच गेलं होतं. भाऊजींना कळलं तेव्हापासून ते दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतायत.

रविवार, ९ मार्च

शोरूमला गेलो, दोघंही. टायवाला मुलगा सगळं यांनाच सांगत होता. "सर, पिकअप बघा. सर, ब्रेक बघा." हे शांतपणे ऐकून घेऊन शेवटी म्हणाले, "मला गाडी चालवता येत नाही. मी फक्त बाजूला बसतो." बिचाऱ्याचा टायच सैल झाला.

चालवून पाहिली. पिवळीजर्द. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर मी पाय दाबला आणि पाठ सीटला अशी चिकटली की मी मोठ्याने हसले. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बाईंना चढली वाटतं. हे बाजूच्या सीटवर खुर्चीत बसावं तसे बसले होते, मांडीवर नकाशा. "पुढच्या चौकात डावीकडे." व्हॅनमध्येही असेच बसायचे. रविवारी सीट पोचवायला निघालो की हे बाजूला हवेतच. फोनमधली बाई रस्ता सांगते खरी, पण तिला वाटेतली टेकडी कशाने झाली ते माहीत नसतं.

हिची शिवण मशीनची. टाके सरळ, दोरा लाल, सगळा दिखाऊपणा. पण खोटं कशाला लिहू, गाडी आवडली.

"मागे जागा भरपूर आहे," हे म्हणाले.

"मागे बसणार कोण?"



मंगळवार, ११ मार्च

आज यांना हिरवी दाखवायला नेलं. यांची उंची आणि गाडीची उंची बघून मलाच कसंतरी झालं. टप यांच्या पोटापर्यंत. यांनी टपावर हात ठेवला, दार उघडून आत डोकावले, सीटकडे बराच वेळ पाहिलं.

"बसा ना," मी म्हटलं.

"नको. पुढच्या वेळी."

"का?"

"छान आहे," म्हणाले आणि चालू लागले.

यांना ती आवडलेली नाही, हे सांगायला ज्योतिषी नको. माणूस सरळ नाही म्हणेल तर शपथ. मी मग एकटीनेच चालवून पाहिली. यावेळी इंजिनही पाहिलं. काय लिहू? पिवळी पळते, ही वळते. वळणावर असं वाटतं की रस्ता आपण हातात धरलाय. बाजूची सीट रिकामी होती, डॉक्टर मागे फाटकापाशी उभे होते, आणि मी दोनदा रिकाम्या सीटकडे वळून "बघितलंत का?" असं म्हणाले.

शुक्रवार, १४ मार्च

यांच्या कपाळावर टेंगूळ. विचारलं तर म्हणे दाराला लागलं. आमची दारं इतकी वर्षं होती तिथेच आहेत.

तिसऱ्या प्रहरी दुकानातून लवकर आले, तर जेवणाच्या टेबलापाशी निराळंच दृश्य. माझं पाय ठेवायचं बुटकं स्टूल टेबलाच्या कडेखाली सरकवलेलं, त्यावर हे. मान टेबलाखाली वाकवलेली, एक पाय आत, एक पाय बाहेर.

"काय चाललंय?"

"पेनाचं टोपण पडलं."

"सापडलं?"

"नाही."

रात्री भांडी आवरताना आठवलं, यांचं पेन बटणाचं आहे. त्याला टोपणच नाही. वय होत चाललं की माणूस नसलेल्या गोष्टी शोधायला लागतो, दुसरं काय. विचारायला नको. उगाच मनाला लावून घेतील.

सोमवार, १७ मार्च

भाऊजी आज मशीनला तेल घालता घालता म्हणाले, "वहिनी, दादा परवा मला विचारत होता, त्या हिरव्या गाडीची सीट जमिनीपासून किती उंच? मी म्हटलं, मोजून सांगतो. मग डॉक्टरांकडे जाऊन टेप लावली."

"आणि?"

"सांगितली. तो म्हणाला, अरे बापरे. मग म्हणाला, बरं, बघू."

म्हणजे मास्तर माझ्याविरुद्ध पुरावे गोळा करतायत! आता एक दिवस जेवताना शांतपणे म्हणतील, सीट इतकी इतकी खाली आहे, आपल्या वयाला शोभत नाही. समोरासमोर भांडले असते तर मी दोन हात केले असते. हे असे मुके शत्रू फार अवघड.

"तुम्ही कशाला मोजायला गेलात?" मी भाऊजींवर घसरले.

"मोठा भाऊ आहे. विचारलं, सांगितलं. तुमच्या दोघांच्या मध्ये माझं सँडविच कशाला करता?"

बुधवार, १९ मार्च

मुलीचा फोन. तिला सगळं भाऊजींनी आधीच सांगितलेलं.

"आई, हिरवी घेतलीस तर बाबा कुठे बसणार?"

"बाजूला. दोन सीट आहेत."

"बाबांचा गुडघा?"

मी म्हटलं, बघू. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिले. जिन्यावरून घसरले तेव्हापासून यांचा डावा गुडघा पुरता वाकत नाही. नाटकाला जातो तेव्हा कडेची खुर्ची, पाहुण्यांकडे गेलो तर सोफा नको, सरळ पाठीची खुर्ची. हे सगळं मला पाठ आहे, आणि तरी त्या दिवशी मी "बसा ना" म्हणाले होते. हिरवीच्या नादात गुडघा डोक्यातून गेलाच होता, की जाऊ दिला होता, कोण जाणे.

तेव्हा प्रश्न हा आहे. मला हिरवी हवी आहे, जीव जाईल इतकी हवी आहे. आणि मला हे बाजूला हवे आहेत. एकटीने भटकायचं म्हटलं तर ती गाडी मी कितीही वेगात पळवीन, पण "बघितलंत का?" कुणाला म्हणू? दोन्ही हवं म्हणणं म्हणजे हावरटपणा आहे हे कळतं. तरी हवं आहे.

शुक्रवार, २१ मार्च

सकाळी उठताना हे कण्हले. घरभर मलमाचा वास. चालताना डावा पाय जरा ओढत होते. "फिरायला जरा जास्त गेलो," म्हणे. पण बूट तर कोरडे आणि स्वच्छ, कोपऱ्यात होते तसेच.

गुडघा वाढलाय आणि माझ्यापासून लपवतायत. संपलं मग. पिवळी घ्यायची. खुर्चीसारखी सीट आहे, पाय मोकळा राहतो, दार मोठं. आणि पिवळीही काही कमी नाही, मी हसले होते की तिच्यात. उद्या दंतवैद्यांकडे जाऊन नाही म्हणून येते. फोनवर सांगता येईल, पण शेवटची एकदा बघून यावी.

ठरवल्यावर हलकं वाटायला हवं होतं. फार वाटलं नाही. संध्याकाळी एका टॅक्सीची फाटकी सीट शिवली, भाऊजी म्हणाले, "वहिनी, टॅक्सीला इतके बारीक टाके? तो माणूस घाबरेल."

शनिवार, २२ मार्च

आता सावकाश लिहिते, नाहीतर सगळं एकदम बाहेर येईल.

मी निघाले तर हेही चप्पल घालून तयार. "मीही येतो. त्या दिवशी बसायचं राहिलं होतं." मी म्हटलं, अहो, मी डॉक्टरांना 'नाही' सांगायला चाललेय. हे जागच्या जागी थबकले. "नाही? का?" "असंच. पिवळी बरी." हे वाटभर असे चालत होते, जणू अभ्यास करून आलेल्या पोराची परीक्षा वर्गाच्या दाराशीच रद्द झाली.

दंतवैद्यांच्या अंगणात मी तोंड उघडायच्या आधीच हे म्हणाले, "डॉक्टर, जरा दार उघडता? मला बसून बघायचंय."

बाजूचं दार उघडलं. हे मोठ्या आत्मविश्वासाने पुढे झाले आणि डावा पाय उचलला. थांबले. तो खाली ठेवून उजवा उचलला. परत डावा. मग पाठ फिरवली, टपाखाली अगदी अलगद मान घातली, इतकी सराईत की डॉक्टर "वा" म्हणाले, आणि बसायला गेले तर सीटच्या कडेच्या उंचवट्यावर मांडी अडकली. ना आत, ना बाहेर. मी धावले.

"थांब, थांब," हे म्हणाले. "चुकलं. अगं, आपलं टेबल भिंतीला लागून आहे ना."

"टेबल?"

"त्यामुळे मला एकाच बाजूने शिरता यायचं. घरी रोज डावा पाय आधी टाकतोय. जमायला लागलं होतं ग. कालपासून तर टेकूसुद्धा लागत नव्हता. पण ती बाजू चालकाची झाली. ही बाजू उलटी आहे. हे माझ्या लक्षातच आलं नाही."

आयुष्यभर पोरांना पूर्व-पश्चिम शिकवलेला माणूस! डॉक्टर हसू दाबायला आत पाणी आणायला गेले.

मी तिथेच गाडीच्या दारापाशी बसकण मारली. स्टूल, टोपण, टेंगूळ, मलम, भाऊजींची टेप. आठवडाभर हा माणूस माझ्या पाठीमागे गाडीत बसायचा अभ्यास करत होता आणि मी इथे त्यांना मुका शत्रू म्हणून लिहून ठेवलंय. मला रडू आलं, हसू आलं, दोन्ही एकदम, आणि ते फार वाईट दिसतं असं भाऊजी नेहमी म्हणतात.

"अहो, गुडघा दुखतोय तो याने!"

"थोडासा. पण तू घे. मी दुसऱ्या बाजूने सराव करतो. टेबल हलवू."

"टेबल हलवायचं नाही," मी म्हटलं.

कारण तोपर्यंत मी जिथे मांडी अडकली होती तिकडे बघत होते. स्पोर्ट्स कारच्या सीटला दोन्ही कडांना उंचवटे असतात, वळणावर माणूस घसरू नये म्हणून. दाराकडचा तो एक उंचवटा नसता आणि बैठक वीतभर नाही तरी चार बोटं वर असती, तर हे आधी बाहेर पाय ठेवूनच आडवे बसू शकले असते आणि मग दोन्ही पाय उचलून आत घेतले असते. वाकायचं कामच नाही. हे डॉक्टरला कळणार नाही, मेकॅनिकला कळणार नाही, हे माझंच काम आहे.

आणि ते करायचं म्हणजे ती सीट कापायची.

डॉक्टर पाणी घेऊन आले. मी म्हटलं, "घेतली."

"कुठली?" हे अजून अर्धे आतच होते.

बुधवार, २६ मार्च

गाडी दुकानात उभी आहे. बाजूची सीट काढून माझ्या टेबलावर. दोन दिवस मी तिच्याभोवती फिरतेय. भाऊजींनी तर कानावर हात ठेवले. "वहिनी, कारखान्याची शिवण! कोरी! लोक अशा सीटसाठी जीव टाकतात. उद्या गाडी विकायची म्हटली तर?"

"विकायची नाही."

"काय करायचंय ते करा, मी बाहेर जातो. मला बघवणार नाही." आणि खरंच चहा प्यायला निघून गेले.

मला तरी कुठे बघवत होतं? पहिला टाका उसवला. तो ज्याने घातला त्याला मनातल्या मनात सांगितलं, बाबा, तुझ्या कामात खोट नाही, माणूसच वाकत नाही. मग कापत गेले.

शुक्रवार, २८ मार्च

झाली. एका बाजूला उंचवटा, दुसऱ्या बाजूला सपाट. शेजारच्या सीटच्या मानाने चार बोटं उंच. एक कान कापलेल्या मांजरासारखी दिसते. चामडं जुळतं मिळालं नाही, रंगात किंचित फरक आहे, आणि कोपऱ्यात माझा हात अडखळलाच. मी आजवर केलेलं सर्वात कुरूप काम. यांना दाखवलं तर म्हणाले, "मला काही फरक दिसत नाही." प्रेमाने म्हणाले असते तर ठीक होतं, पण खरंच दिसत नव्हता.

बसवून पाहिलं. आधी टेकले, मग एक पाय, मग दुसरा. आत! भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. उतरले, पुन्हा बसले, पुन्हा उतरले. आठ-दहा वेळा. शेवटी मला म्हणावं लागलं, अहो, सीट झिजेल.

रविवार, ३० मार्च

पहिली सफर. शहराबाहेरचा डोंगराकडचा रस्ता यांनी मुद्दाम निवडलेला, नकाशावर वळणं मोजून. गाडी धुतलेली, टाकी भरलेली, मी नवा चष्मा लावलेला. शहर संपलं, समोर रस्ता मोकळा. मी म्हटलं, "धरून बसा हं," आणि पाय दाबणार तेवढ्यात बाजूला पाहिलं.

हे झोपले होते. नकाशा मांडीवर, मान माझ्याकडे कललेली, चष्मा नाकावर घसरलेला. आठवडाभराची टेबलाखालची मेहनत, आणि सीट इतकी आरामशीर झाली होती. माझाच दोष.

उठवायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

मग मी ती गाडी चालवली. वळणावर स्टिअरिंग इतकं हळू फिरवायचे की मान कलंडू नये. घाटात एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं आणि पुढे जाऊन काळजीने वळून पाहिलं. त्याला वाटलं असेल, गाडी बिघडली. मी त्याला हात केला. वरच्या वळणावर दरी एकदम उघडली, उन्हात खालची नदी दिसली, मी हळूच म्हटलं, "बघितलंत का?" आणि घोरण्याचा आवाज आला. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

दाराशी गाडी थांबली तेव्हा हे जागे झाले. इकडेतिकडे पाहिलं, चष्मा सावरला, आणि डॅशबोर्डवर थाप मारली.

"चांगली पळते ग!"

"हो तर," मी म्हटलं.